घर पाहावं भाड्यानं देऊन

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं म्हणणाऱ्या आपल्या आजी-पणजींना अमेरिका ठाऊक नव्हती. इथे घर बिल्डर बांधतो आणि लग्नं मुलं आपली आपणच ठरवतात. आपल्याकडे उरतं ते हप्ते भरणं आणि अक्षता टाकणं. पण मंडळी, गेल्या बारा-तेरा वर्षांत मी जे पाहिलं त्यावरून त्या म्हणीला एक शेपूट जोडायला हरकत नाही, असं माझं मत झालं आहे. घर पाहावं भाड्यानं देऊन! आपल्या कुठल्याही कार्यक्रमाला जा. मध्यंतरात बटाटेवड्याची बशी हातात आली की आधी मुलांची कॉलेजं, मग भारताची ट्रिप, आणि चहाचा कप अर्धा होतो न होतो तोच हमखास प्रश्न येतो, “मग, तुमचं रेंटल कुठंय?” जणू रेंटल नसणं म्हणजे घरात देवघर नसण्यासारखं.

यंदा हा विषय आमच्या घरात जरा जास्तच रंगला, कारण माझा भाचा. इथेच डब्लिनला भाड्याच्या टाउनहाऊसमध्ये राहतो. दोघंही नोकरी करतात, एच-वन व्हिसा, ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर कधी लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पोटाला चिमटा काढून दोघांनी तीन लाख डॉलर्स साठवले आहेत. एका रविवारी येऊन म्हणाला, “मावशी, तुम्ही ते घर कसं शोधलंत ते मला पहिल्यापासून सांग. मला डब्लिनमध्येच इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी घ्यायचीय.”

ज्या वाचकांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे आयर्लंडमधलं डब्लिन नव्हे आणि ओहायोतलंही नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, ५८० आणि ६८० हे दोन फ्रीवे एकमेकांना छेदतात त्या नाक्यावरचं कॅलिफोर्नियातलं डब्लिन. नाव मात्र आयरिश लोकांमुळेच पडलं. १८५० च्या सुमारास मरे आणि फॅलन नावाच्या दोघा आयरिश गृहस्थांनी होसे मारिया अमादोर या मेक्सिकन जमीनदाराकडून इथे हजारएक एकर जमीन विकत घेतली. म्हणजे परदेशातून येऊन डब्लिनमध्ये जमिनीत पैसा घालणारे आपण काही पहिले नाही! आज फॅलन रोडवरून मुलांना तबल्याच्या क्लासला सोडणाऱ्या किती आयांना हे माहीत असेल कोण जाणे.

आम्ही २००३ साली इथे आलो तेव्हा टासाहारा रोडच्या पलीकडे उन्हाळ्यात पिवळ्या पडलेल्या टेकड्या होत्या आणि त्यांवर गाई चरायच्या. गावात एक तुरुंग, त्याला लागून लष्कराची छावणी. “तुरुंगाशेजारी घर घेतलंत?” असं माझ्या सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं. बार्ट १९९७ मध्ये इथवर आली, आणि मग शाळांचं नाव झालं. २००० च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या २९,९७३ होती, ती २०२० मध्ये ७२,५८९ झाली. गाईंच्या जागी आता टाउनहाऊसेस चरताहेत. शाळेच्या गेटपाशी कान दिला तर तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी सगळं ऐकू येतं, आणि एका हायस्कुलाचं भागेना म्हणून दुसरं, एमराल्ड हायस्कूल, काढावं लागलं.

आता आमच्या शोधाबद्दल. २००१ मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला तेव्हा यांची नोकरी गेली होती, आणि त्याच कंपनीच्या शेअर्सचे कागद कपाटात रद्दीच्या भावाचे झाले होते. तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की पगार ज्याच्यावर अवलंबून त्याच्यावरच बचतही अवलंबून ठेवायची नाही. पेन्शन तर इथे नाहीच. २००८ नंतर घरांच्या किमती कोसळल्या आणि २०११ मध्ये आम्ही शोधायला लागलो. ‘आम्ही’ म्हणजे यांनी स्प्रेडशीट करायची आणि मी नळ उघडून बघायचे. पाण्याला जोर किती, गरम पाणी किती वेळात येतं, सिंकखाली वास येतो का. स्प्रेडशीटला वास येत नाही.

पूर्वेकडची नवी घरं पाहिली की मन मोहून जायचं. ग्रॅनाइटचं किचन, उंच छत, कोपऱ्यावर बाग. पण तिथे दोन पाहुणे कायमचे मुक्कामाला असतात. एक एचओए, म्हणजे सोसायटीचं मासिक शुल्क, आणि दुसरा मेलो-रूस. हा मेलो-रूस म्हणजे १९८२ च्या कायद्याने आलेला खास कर. नव्या वसाहतीचे रस्ते, पाणी, शाळा यांसाठी कर्जरोखे काढायचे आणि ते त्या वसाहतीतल्या घरमालकांनी वर्षानुवर्षं फेडायचे. घराच्या जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो. जे राहायला जातात त्यांना बाग आणि शाळा तरी मिळते. भाड्यानं देणाऱ्याला नुसतं बिल येतं, कारण त्या बागेपायी भाडेकरू भाडं जे जास्त देतो ते या दोघा पाहुण्यांच्याच घशात जातं.

म्हणून आम्ही पश्चिमेकडे वळलो. तिकडे १९६० पासून बांधलेली सॅन रॅमॉन व्हिलेजची जुनी बैठी घरं आहेत. दिसायला साधी, पण एचओए नाही, मेलो-रूस नाही. त्यांचे आजार वेगळे. जुने पाइप, जुनं विजेचं पॅनेल, छपराचं वय झालेलं. पण हे आजार डोळ्यांना दिसतात आणि त्यांवर औषध आहे.

त्या वर्षी बाजारात बरीचशी घरं बँकेनं जप्त केलेली किंवा ‘शॉर्ट सेल’ची होती. म्हणजे कर्ज घराच्या किमतीपेक्षा जास्त झालेलं, आणि बँक कमी पैशात विकायला तयार झालेली. नावच फक्त शॉर्ट. बँकेचं उत्तर यायला चार-चार महिने लागायचे. अशा एका घरात आम्ही गेलो. स्वयंपाकघरातली कपाटं उचकटून नेलेली, अंगणात गवत गुडघाभर. मी आपली नेहमीप्रमाणे नळ बघत आतल्या खोलीशी आले, तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा. शेजारी तारखा. दोन मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, अगदी खालपासून माझ्या खांद्यापर्यंत आलेल्या. शेवटची तारीख त्या आधीच्याच वर्षीची. आम्ही दोघं तिथे जरा वेळ काही न बोलता उभे राहिलो. एजंट म्हणाला, “या भावात असं घर परत मिळणार नाही.” खरंच होतं ते. आम्ही ऑफर दिली, पण कुणीतरी रोख पैसे देऊन ते घेतलं. आपल्याला जो स्वस्तात सौदा वाटतो तो दुसऱ्या कुणाचा तरी मोडलेला संसार असतो, हे बटाटेवड्याच्या गप्पांत कधी निघत नाही, म्हणून इथे लिहिते. त्याला इलाज आहे असं मी म्हणत नाही. आम्हीही थांबलो नाही, शोधत राहिलो.

शेवटी २०१२ च्या वसंतात एक घर मिळालं. तीन बेडरूम, १९६२ चं. म्हातारे मालक मुलीजवळ राहायला चालले होते. किंमत ४,२०,००० डॉलर्स. पंचवीस टक्के आम्ही भरले, उरलेल्या ३,१५,००० वर साडेचार टक्के व्याज. महिन्याचा हप्ता सुमारे १,६००, प्रॉपर्टी टॅक्स महिना ४००, विमा ७०. बेरीज २,०७०. भाडं आलं २,२५०. म्हणजे महिन्याला १८० डॉलर्स हातात. आणि पहिल्याच हिवाळ्यात फर्नेसनं मान टाकली! त्यात वर्षभराचे १८० गेले. पण हप्त्यातलं मुद्दल भाडेकरू फेडत होता, आणि खिशातून काही जात नव्हतं. आमची अपेक्षा एवढीच होती.

भाच्यासमोर हेच आकडे मी कागदावर मांडले आणि शेजारी आजचे मांडले. तसंच घर आज अकरा-साडेअकरा लाखांच्या आत मिळत नाही. साडेअकरा धर. पंचवीस टक्के म्हणजे २,८७,५०० रोख, झाली तुझी सगळी पुंजी. उरलेल्यावर भाड्याच्या घराला व्याज सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हप्ता ५,७०० च्या वर. टॅक्स आणि विमा मिळून आणखी १,३००. झाले सात हजार. भाडं येईल चार हजार. दर महिन्याला तीन हजार तू पदरचे घालणार, आणि फर्नेसची गोष्ट वेगळीच.

तो म्हणाला, “पण मावशी, किंमत वाढेल ना! तुमची वाढलीच की.”

वाढली. पण त्या वाढीतला किती भाग आमच्या शहाणपणाचा आणि किती २०१२ या सालाचा? हे म्हणतात नव्वद टक्के सालाचा. शिवाय आम्हाला १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’चं छत्र आहे. टॅक्स ज्या किमतीवर आकारतात ती वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे आम्ही आज साडेपाच लाखांच्या आतल्या आकड्यावर टॅक्स भरतो, आणि शेजारी नवीन येणारा त्याच मापाच्या घरावर दुपटीनं भरतो. एकाच रस्त्यावर दोन न्याय! (आमच्या वयाच्या वाचकांसाठी जाता जाता. ‘मुलांना ठेवू तसंच’ असं मनात असेल तर २०२० मध्ये मतदारांनी मंजूर केलेलं ‘प्रपोझिशन १९’ पाहून घ्या. मूल त्या घरात स्वतः राहायला गेलं तरच आता जुन्या टॅक्सचा फायदा मिळतो, आणि त्यालाही मर्यादा आहे. भाड्याचं घर म्हणून ठेवलं तर तो गेला.)

“टॅक्समध्ये सूट मिळते ना?” हा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. मिळते, पण ऐकीव माहितीपेक्षा कमी. घसारा साडेसत्तावीस वर्षांत विभागून मिळतो तो फक्त इमारतीचा, जमिनीचा नाही, आणि डब्लिनसारख्या ठिकाणी किमतीतला मोठा वाटा जमिनीचाच. भाड्यातला तोटा पगारातून वजा करायची २५,००० ची सवलत उत्पन्न एक लाखाच्या वर गेलं की कमी होत जाते आणि दीड लाखाला संपते. दोन नोकऱ्यांच्या घरात ती नाहीच असं धरा. तोटा पुढे ओढता येतो, पण आज हातात काही पडत नाही. आणि विकताना घेतलेल्या घसाऱ्याचा हिशेब सरकार वेगळा मागतं. बाकी ज्याचा त्याचा सीपीए समर्थ आहे.

आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट भाडेकरू. आम्ही पहिल्यांदा जाहिरात देणार होतो तेव्हा एका स्नेह्यांनी सुचवलं, “‘शाकाहारी भारतीय कुटुंब हवे’ असंच लिहा, कटकट नको.” पुण्यात ही पाटी चालते, इथे ती कोर्टात घेऊन जाते. धर्म, वंश, मूळ देश, लहान मुलं असणं, यांवरून घर नाकारणं १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यापासून या ना त्या टप्प्यात बंद झालं आहे, आणि कॅलिफोर्नियाचे नियम आणखी कडक आहेत. सरकारी मदतीतून भाडं देणाऱ्याला केवळ त्या कारणानं नाही म्हणता येत नाही. डिपॉझिट २०२४ च्या जुलैपासून साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकंच घेता येतं, अगदी छोट्या मालकांना तेवढी दोन महिन्यांपर्यंत मुभा आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्याला पहिलं अपार्टमेंट कुणी नावावरून नाकारलं असतं तर कसं वाटलं असतं, हे आठवलं तरी पुरे.

आमच्याकडे २०१४ पासून एक फिलिपिनो कुटुंब आहे. तो रेस्टॉरंटमध्ये मॅनेजर, ती डे-केअरमध्ये. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. रेस्टॉरंट बंद, भाडं पूर्ण जमणार नाही. आवाजातली लाज कानाला कळत होती. २००१ मध्ये आमच्या घरात तोच आवाज होता. यांनी स्प्रेडशीट उघडली, मी चहा ठेवला. आम्ही सांगितलं, जमेल तेवढं दे. पाच महिने त्यानं निम्मं दिलं, उरलेलं पुढल्या दोन वर्षांत थोडं थोडं फेडलं. आमच्या ओळखीतल्या एका घरात नेमकं उलट झालं. अलामेडा काउंटीत भाडेकरूला बाहेर काढण्यावरची बंदी २०२३ च्या एप्रिल अखेरपर्यंत चालली, आणि त्यांच्या भाडेकरूनं त्यातला बराच काळ एक पैसा दिला नाही. त्यांच्या घरावर हप्ता मोठा होता. नवऱ्यानं रिटायरमेंट दोन वर्षं पुढे ढकलली. कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही, त्यानं कितीतरी लेकुरवाळी घरं रस्त्यावर येण्यापासून वाचली. पण ज्याला सहा महिने घर रिकामं किंवा बिनभाड्याचं सोसवत नाही, त्यानं या फंदात पडू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. आणि दुसरं मत असं, की जे घर वेळ पडली तर आपण स्वतः राहायला जाऊ, तेच भाड्यानं द्यायला घ्यावं.

या दुसऱ्या कसोटीवर लांबची घरं गळतात. भाच्यानं इंडियानापोलिसच्या घराचे फोटो दाखवले. अडीच लाख डॉलर्स, भाडं चांगलं, मॅनेजमेंट कंपनी दहा टक्के घेऊन सगळं बघते. टेक्सासचंही होतं एक. तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, पण प्रॉपर्टी टॅक्स आपल्या डोळ्यांत पाणी आणेल इतका. मी विचारलं, “तिथे नळ कोण उघडून बघणार?” लोक करतात, काहींचं उत्तम चालतंही. पण रात्री अकराला पाइप फुटला तर आमचे हे दहा मिनिटांत पाना घेऊन पोचतात, आणि त्या दहा मिनिटांची किंमत कुठल्याही स्प्रेडशीटच्या रकान्यात नसते.

मग अर्थातच पुणे. ते आल्याशिवाय आपल्याकडे कुठलीही चर्चा पुरी होत नाही. बाणेर, हिंजवडी, वाघोली. पूर्वी बिल्डरचं चकचकीत पत्रक आणि मेव्हण्याचा शब्द यांवर लोक पैसे पाठवत. २०१७ पासून महारेरा आल्यामुळे निदान प्रकल्पाची नोंदणी, ताबा द्यायची तारीख घरबसल्या तपासता येते. हा मोठाच बदल आहे. पण भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के. आणि डॉलर १९९६ मध्ये पस्तीस रुपयांच्या आसपास होता, तो २०२५ मध्ये पंच्याऐंशीच्या वर गेला. तेव्हा रुपयांत तिप्पट झालेला फ्लॅट डॉलरमध्ये मोजला की चेहरा पडतो. कोकणातली आमराई किंवा फार्महाऊस डोक्यात असेल, तर परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला किंवा अनिवासी भारतीयाला शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आलं तर गोष्ट वेगळी. आईवडिलांसाठी किंवा स्वतः परत जायचं म्हणून पुण्यात फ्लॅट जरूर घ्यावा. गुंतवणूक म्हणून मला तो पटत नाही. यावर आमच्या यांचं आणि माझं एकमत नाही, हेही नोंदवून ठेवते.

एवढा वेळ गप्प बसलेली भाचेसून तेव्हा बोलली. “मावशी, उद्या याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. माझी गेली तरी तेच. त्या साठ दिवसांत बाळ, हप्ता, आणि कुणा तिसऱ्याचं घर. तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?”

बाळ! ते असं आम्हाला कळलं. हप्ता बाजूला राहिला, आधी साखर आणली.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं होतं. व्हिसावरच्या माणसानं घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याच्या हिशेबात एक रकाना जास्त असतो. हे म्हणाले, “मग राहायचं आणि भाड्याचं, दोन्ही एकातच का बघत नाही?” कॅलिफोर्नियानं गेल्या काही वर्षांत अंगणात एडीयू, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, बांधण्याचे नियम बरेच सैल केले आहेत. लिव्हरमोरला, देवळापासून फार लांब नाही अशा एका भागात, मागे तयार एडीयू असलेलं जुनं घर त्यांनी शोधून काढलं. मागणी ९,८०,०००. स्वतः राहणार म्हणून वीस टक्के भरून व्याज साडेसहा. हप्ता, टॅक्स, विमा मिळून ६,१०० च्या जवळ. एडीयूचं भाडं २,२०० धरलं तर उरतात ३,९००. आज ते टाउनहाऊसचं भाडं भरतात ३,७००. आणि तीन लाखांपैकी लाखभर बँकेत शिल्लक, म्हणजे घर सोडवायला वर्षभराहून जास्त श्वास. देश सोडायची वेळ आलीच तर दोन्ही भाग भाड्यानं देता येतील, आणि लक्ष ठेवायला आम्ही पंधरा मिनिटांवर.

भाच्याचा चेहरा थोडा उतरला. डब्लिनच्या शाळा, डब्लिनचे मित्र, आणि “रेंटल कुठंय?” याला द्यायचं झोकदार उत्तर, तिन्ही गेली. भाचेसूनेनं मात्र त्या घराचा पत्ता लगेच लिहून घेतला.

परवा आम्ही चौघं जाऊन पाहून आलो. पुढच्या घराचं छप्पर नवं आहे, एडीयूला परवाना आहे की नाही ते सिटीच्या ऑफिसातून तपासायचं आहे, आणि वॉटर हीटर बारा वर्षांचा आहे. भाचेसून एकेका खोलीत जाऊन नळ उघडत होती. ऑफर स्वीकारली गेलीय. शनिवारी सकाळी नऊला इन्स्पेक्शन आहे, आणि आमच्या यांनी टॉर्चमधले सेल आजच बदलून ठेवले आहेत.